सीएस५०चे प्रॉब्लेम सेट (गृहपाठाचे प्रोग्रामिंगचे प्रश्न) मित्राबरोबर सोडवले तर चालतं का?

चालतं, पण एका हद्दीपर्यंत. हार्वर्डच्या या संगणकशास्त्राच्या प्राथमिक कोर्समध्ये प्रश्नावर चर्चा करा, फळ्यावर आकृत्या काढून डोकं लढवा, काही हरकत नाही. अडलात तर स्वतःचा कोड मित्राला दाखवून चूक शोधून घ्या. मात्र तुमचं उत्तर जमा करण्याआधी त्याचा कोड बघायचा नाही. मला हा नियम फार रास्त वाटतो, कारण एकदा तयार लूप डोळ्यांपुढे आला की स्वतःचा सुचतच नाही. चॅटजीपीटीलाही मनाई आहे. कोर्सचं स्वतःचं ‘डक’ नावाचं एआय चॅटबॉट मात्र चालतं.

डेडलाइनच्या रात्री घाबरून कॉपी केलीच, तर हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांनी ७२ तासांत स्वतः कबूल करावं. त्या कामाचे गुण जाऊ शकतात, पण पुन्हा पुन्हा असं केलं नसेल, तर प्रकरण विद्यापीठाच्या शिस्तभंग कारवाईपर्यंत जात नाही.