बेसिनखाली पाणी: आधी शोधा, मग पाना उचला

थेंब जिथे पडतोय तिथेच गळती आहे असं धरून चालू नका. पाणी पाईपवरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला येतं. म्हणून आधी सगळं फडक्याने कोरडं करा आणि प्रत्येक जोडावरून वरून खाली टिश्यू पेपर फिरवा. जो जोड कागद पहिल्यांदा ओला करेल, तो गुन्हेगार.

नळ बंद असतानाही टिपटिप चालू आहे? मग दोष बहुधा अँगल कॉकमध्ये (बेसिनखाली भिंतीवरचा पाणी बंद करायचा छोटा कॉक) किंवा तिथून नळापर्यंत जाणाऱ्या कनेक्शन पाईपमध्ये. कोरडंच राहिलं तर बेसिन काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. आता गळलं तर बॉटल ट्रॅप (सांडपाण्याच्या पाईपवरचा बाटलीसारखा भाग) किंवा जाळीखालचं वेस्ट कपलिंग (बेसिनला निचऱ्याचा पाईप जोडणारा भाग) बघा. नुसता नळ सोडून ही गळती बऱ्याचदा दिसतच नाही.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- प्लॅस्टिकच्या नटला पान्याने आवळणं. हाताने घट्ट, वर फार तर पाव फेरा. मी स्वतः असा एक नट तडकवलाय, कट्ट असा आवाज अजून आठवतो.
- ट्रॅपच्या नटावर टेफ्लॉन टेप गुंडाळणं. तिथे पाणी अडवतो तो रबरी वॉशर. तो चपटा किंवा कडक झाला असेल तर बदला.
- ट्रॅप उघडताना खाली बादली न ठेवणं.

कनेक्शन पाईप सोडवायचा असेल तर अँगल कॉक आधी बंद. सिलिकॉन (फटी बुजवायची पेस्ट) लावायच्या भानगडीत इतक्यात पडू नका. बहुतेक वेळा वॉशरवरच काम भागतं.