रातांब्याचा नर, तिथीची पाऊणपट आणि आजोबांची वही

या खेपेला पत्रं आणि मेल मिळून टेबलावर चांगला ढीग झाला. संपादक म्हणाले, ताई, जरा विषयवार लावा, झाडंपेडं एकीकडे, टॅक्स एकीकडे, साहित्य एकीकडे. लावायला बसले आणि पहिल्याच पत्राला अडले, कारण पत्र सुरू होतं झाडावर आणि संपतं इन्कम टॅक्सवर! मग दिला नाद सोडून, जशी हाताला आली तशी घेतलीत.

प्रश्न : परसात नऊ वर्षांपूर्वी बिया रुजवून चार रातांबे (कोकमाची झाडं) लावले. तीन लागतात, चौथा दर थंडीत नुसता फुलतो, फळ एक नाही. आई म्हणते तो नर आहे, तोडून टाक. खरंच झाडात असं असतं? दुसरं म्हणजे मी शाळेत शिक्षक, पगारदार माणूस, रातांबे आणि घरचं सरबत विकून चार पैसे येतात ते रिटर्नमध्ये दाखवायचे का? (एक वाचक, कुडाळ)

आईचं बरोबर आहे, तोडायचं सोडून. रातांबा म्हणजे गार्सिनिया इंडिका, यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, पपई किंवा जायफळासारखं. बी रुजवली की साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि गंमत अशी की झाड फुलावर येईपर्यंत काही कळत नाही, म्हणजे सहा-सात-आठ वर्षं पाणी घालायचं आणि मग कळायचं की हा तर गडी निघाला. तुम्हाला चारात तीन माद्या मिळाल्या, नशीबवान आहात, आमच्याकडे पाचात दोनच. खात्री करायची तर यंदा थंडीत फूल हातात घेऊन बघा. नराच्या फुलात मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा गच्च गोळा दिसतो आणि फुलं झुबक्यानं येतात. मादीच्या फुलात मधे बारीक गोल अंडाशय असतं, तेच पुढे फळ होतं.

तोडू मात्र नका. एखादा नर आसपास असलेला बरा, परागाला लागतो. आणि नकोच असेल तर त्याची फांदी छाटून नव्या फुटीवर चांगल्या मादीचं कलम चढवता येतं, मुळं नऊ वर्षांची तयार आहेत ती फुकट कशाला घालवायची. नवीन लावणार असाल तर बी नको, कलमच आणा. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं कोकण अमृता ही जात काढलीय, ती लवकर तयार होते, पावसाच्या आधी फळ हातात येतं. ज्यानं अंगणात सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत घातलीत आणि मेअखेर आभाळ भरून आलेलं बघितलंय त्याला हे किती मोलाचं ते वेगळं सांगायला नको.

आता टॅक्स. शेतीचं उत्पन्न माफ हे सगळ्यांना पाठ असतं, पण शेतीचं उत्पन्न कशाला म्हणायचं इथेच सगळी गंमत आहे. 1957 साली सुप्रीम कोर्टात बंगालमधल्या एका सालवृक्षांच्या जंगलाचा खटला गाजला होता, बेनॉय कुमार सहास रॉय यांचा. झाडं मुळात आपोआप उगवलेली, मग त्यांचं उत्पन्न शेतीचं कसं, असं टॅक्स खात्याचं म्हणणं. कोर्टानं सांगितलं की जमिनीवर माणसाची मेहनत लागली पाहिजे, नांगरणी-पेरणी-लावणी ही मूळ कामं, आणि निंदणी, छाटणी, राखण ही नंतरची कामं, नुसती नंतरची असून चालत नाही. त्या जंगलात वर्षानुवर्षं मधून मधून लावणीसुद्धा झालेली दिसली म्हणून मालक जिंकला. तुमच्या रातांब्याला हे लावून बघा. बी तुम्ही रुजवली, पाणी घातलं, म्हणजे शेती. पण सड्याच्या (कातळ माळाच्या) कडेला आपोआप आलेल्या रातांब्याची फळं कुणी गोळा करून विकली तर तो युक्तिवाद लंगडा पडतो. म्हणजे झाड कुणी लावलं, की पाखरानं बी टाकली, यावर टॅक्स ठरतो बघा!

तर ओले रातांबे तसेच विकलेत तर सरळ शेतीचं उत्पन्न. साखर घालून बाटलीबंद सरबत विकलंत की तिथे दोन भाग पडतात, फळाचा जो बाजारभाव तेवढा शेतीचा आणि वरचा नफा धंद्याचा, त्यावर टॅक्स. आमसुलं मधल्यामधे लटकतात. शेतकरी नेहमी करतो ती साधी प्रक्रिया चालते, पण ती माल बाजारात नेण्याजोगा व्हायला लागते अशी असावी लागते, आणि ओला रातांबाही विकला जातोच की, त्यामुळे इथे कुणी हटकलं तर वाद होऊ शकतो, रक्कम मोठी असेल तर सीएला विचाराच. आणि दाखवायचं का, तर हो. शेतीचं उत्पन्न वर्षाला 5000 च्या वर आणि पगार माफीच्या मर्यादेच्या वर असेल तर बाकीच्या पैशावरचा दर ठरवताना ते धरतात. 1961 चा कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू, कलमांचे नंबर बदलले, शेतीची ही व्याख्या तीच राहिली.

प्रश्न : आंब्याची बाग खंडानं दिली तर? (देवगड)

बागायतदाराला जे मिळतं ते शेतीचंच. पण ज्यानं झाडावरचा तयार आंबा नुसता विकत घेऊन उतरवून विकला त्याचा तो व्यापार, त्याला माफी नाही. खंडकऱ्यानं खत-फवारणी-राखण सगळं केलं असेल तर कागद बघून ठरतं, म्हणून तोंडी व्यवहार करू नका. माझा स्वतःचा एक तोंडी व्यवहार अजून निस्तरतेय, जाऊ दे.

प्रश्न : पणजोबांकडून चालत आलेला आडाखा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणजे 3 वाजता पुरी भरती. पण मोबाईलवरचं अॅप आमच्याकडे जवळजवळ तासभर आधी दाखवतं. कोण चुकतंय? (जयगड, बारावी सायन्स)

कुणीच नाही! तुझ्या पत्रात खाली एक ओळ आहे, पणजोबा मुंबईला गोदीत कामाला होते. तिथेच उत्तर आहे. आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, आधी गोवा-मालवण, मग रत्नागिरी-जयगड, मग मुंबई. त्यांनी मुंबईचा आडाखा गावी आणला आणि कुणी तो परत मोजून बघितला नाही.

आता पाऊणपटच का ते बघ. चंद्र रोज उशिरा उगवतो, त्यामागोमाग भरतीही उशिरा. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत हा उशीर साठत साठत पुरे 24 तास होतो आणि तेवढ्यात तिथ्या होतात 30. 24 तास भागिले 30 म्हणजे 48 मिनिटं. पाऊण तास म्हणजे 45. तीन मिनिटांचा फरक, तोंडी हिशेबाला झकास, पण पुनवेपर्यंत साठून पाऊण तासाचा होतो. 15 ची पाऊणपट सव्वाअकरा, आणि 48 मिनिटांनी केलंस तर बरोबर 12. तरी रोजचा उशीर सारखा नसतो, उधाणाच्या दिवसांत तो कमी असतो आणि अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (लहान भरतीच्या) वेळी, तासाच्या वर जातो, कारण सूर्याची ओढही चंद्राच्या जवळपास निम्मी आहे आणि ती कधी बरोबर असते कधी आडवी येते. त्यात तिथी स्वतः कधी 19 तासांची तर कधी 26 तासांची. उधाणही ऐन पुनवेला टोकाला जात नाही, एक-दोन दिवस मागून. जुन्या खलाशांना विचार, ते बीज-तीजच सांगतील.

जेटीच्या पायऱ्यांवर खडूनं खुणा करून एक महिना वेळा लिही. वही, घड्याळ आणि पंचांग एवढंच लागतं. तुझ्या गावची पाऊणपट तुलाच काढायला मिळेल, आणि प्रोजेक्ट म्हणून हे इंटरनेटवरून उतरवलेल्या सौरऊर्जेपेक्षा शंभरपट बरं. फक्त आडाख्यावर विसंबून खाडी ओलांडू नकोस, त्याला अॅपच बघ.

प्रश्न : एमएला शाश्वत अर्थशास्त्रावर निबंध आहे. सर म्हणतात स्थानिक उदाहरण घ्या. पर्ससीनचं (माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याचं) घेऊ का? (मालवण)

घे, पण रापणीपासून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यापासून, सुरू कर. आधी साधं गणित. 10 होड्या, प्रत्येकी 10 टोपल्या, मिळून 100. अकरावी होडी आली, आता प्रत्येकीला साडेनऊ, एकूण साडेएकशेचार. अकरावा खूष, मला साडेनऊ मिळाल्या. पण समुद्रातून जादा आल्या साडेचारच, उरलेल्या 5 शेजाऱ्यांच्या टोपल्यांतून आल्या, आणि त्या त्याच्या हिशेबात कुठेच नाहीत. अर्थतज्ज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी 1954 साली मासेमारीबद्दल हेच मांडलं. पुढे 1968 साली जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन म्हणाले की सामायिक गोष्टीची वाट लागणारच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणं धुंडाळून दाखवलं की लागणारच असं काही नाही, लोक आपसात नियम करतात आणि पाळतातही, 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

रापणीत असले नियम पिढ्यान्‌पिढ्या आहेत. होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, मग वाटे, माणसाचा, जाळ्याचा, होडीचा. दोराला हात लावला त्याला कालवणापुरतं तरी मिळतं. हे वाटे कसे पडतात ते किनाऱ्यावर उभं राहून लिहून घे, पुस्तकात शोधत बसू नकोस. पर्ससीनवर राज्यानं फेब्रुवारी 2016 मध्ये निर्बंध आणले, पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस, हे संदर्भाला ठेव. आणि रापणीला देव्हाऱ्यात बसवू नकोस, जाळ्याचा आस (भोक) बारीक असला तर तीही पिलं ओढून आणते.

प्रश्न : आजोबांच्या कवितांची वही सापडली, मालवणी मिसळलेल्या आहेत. ते जाऊन तीस वर्षं झाली. छापायच्या तर भाषा शुद्ध करू का? हक्क कुणाचे? (वेंगुर्ले)

शुद्ध अजिबात करू नका! 'माका' लिहिलंय तिथे 'माका'च राहू दे, 'खंय'चं 'कुठे' केलंत की वृत्तसुद्धा मोडेल. अडेल त्या शब्दाचा अर्थ खाली द्या, बस. हक्काचं असं की लेखकानं हयातीत छापलेलं असेल तर तो गेल्यानंतर 60 वर्षं, पण मागाहून पहिल्यांदा छापलं तर छापल्यापासून 60 वर्षं. मृत्युपत्रात वेगळं काही नसेल तर हे हक्क सगळ्या वारसांचे, तेव्हा काका-आत्यांची लेखी संमती आधी घ्या, छापून झाल्यावर घेतलेल्या संमत्या फार महाग पडतात.

आणखी एक. तुम्ही लिहिलंय की वहीत मागच्या बाजूनं रातांबे, सोलं नि काजूबियांचा हिशेब आहे, ती पानं वगळून स्कॅन करतोय. वगळू नका हो. कुठल्या साली बी काय भावानं गेली ते तारखेसकट त्यांच्या हातचं आहे, आणि मला तर पक्का संशय आहे की काही कवितांच्या तारखा त्या हिशेबावरूनच लागतील.