लंब म्हणजे उभं नव्हे

प्रश्न: ‘३क्ष − ४य + ५ = ० आणि ४क्ष + ३य − ७ = ० या रेषा परस्परांना लंब आहेत का, असं मुलीच्या पुस्तकात विचारलंय. काढून पाहिल्या तर दोन्ही तिरक्या, उभी एकही नाही. मग ‘लंब’ हा शब्द इथे चुकीचा नाही का?’

शब्द अगदी बरोबर आहे. ‘लंब म्हणजे उभी रेषा’ हे शाळेपासून कानावर आदळत आलेलं वाक्य चुकीचं आहे, आणि शिकवणाऱ्यांच्या तोंडूनही ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. उभ्या रेषेला उभी म्हणा, ऊर्ध्व म्हणा. लंब म्हणजे काटकोनात; म्हणून लंब म्हटलं की ‘कशाला?’ हे सांगावंच लागतं.

गोंधळ होतो त्याचं कारण शब्दाच्या मुळात आहे. संस्कृत ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणं. ‘लंबोदर’ म्हणजे लांब पोटाचा नव्हे, पोट लोंबणारा. अवलंबून, विलंब, प्रलंबित ही सगळी त्याच धातूची पोरं. आर्यभट (इ.स. ४९९) सांगतो: सपाटी पाण्याने तपासावी आणि वर-खाली ‘लम्बकेनैव’, लंबकानेच. हा लंबक म्हणजे आपल्या गवंड्याचा ओळंबा! लाकडी ठोकळा भिंतीला टेकवून दोरीचं वजन खाली सोडायचं. ते भिंतीला जेमतेम चाटून राहिलं की भिंत सरळ.

‘ओळंबा’ हा ‘ओळ’वरून आला असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. मग पुढचा ‘अंबा’ कुठून आला, ते त्यांनी सांगावं. माझ्या मते वाट सरळ आहे: अवलंब, ओलंब, ओळंबा. ‘अव’चा ‘ओ’ होतो, जसा ‘लवण’चा ‘लोण’; आणि ‘ल’चा ‘ळ’ होतो, जसं ‘फल’चं ‘फळ’. यात ‘ओळ’ घुसडायला जागाच नाही.

आणखी गंमत म्हणजे लॅटिनमध्ये ओळंब्याला ‘पर्पेंडिक्युलम’ म्हणत. त्यातही मूळ क्रियापद ‘लटकणं’. इंग्रजीतला ‘पर्पेंडिक्युलर’ तिथूनच आला आणि कचेरीतलं ‘पेंडिंग’सुद्धा. म्हणजे ‘फाइल पेंडिंग आहे’ म्हणा की ‘प्रलंबित आहे’ म्हणा, दोन्हीकडे फाइल लटकलेलीच!

मग लोंबणारा लंब तिरका कसा झाला? त्रिकोणामुळे. ‘लीलावती’त (११५०) भास्कराचार्य १३ आणि १५ भुजांच्या त्रिकोणाची १४ ही ‘मही’, म्हणजे जमीन, धरतात. तिच्यावरचा लंब १२ येतो. पण त्याच त्रिकोणाची १३ची बाजू मही धरली, तर कागद न फिरवताही तिच्यावर लंब टाकता येतो, आणि तो तिरका दिसतो. जमीन हवी ती निवडता आली, तिथेच लंब आकाशापासून सुटला. नाव ओळंब्याचं राहिलं, अर्थ गुण्याचा, म्हणजे काटकोन तपासायच्या अवजाराचा, झाला. गुण्या कुठल्याही दोन कडांना लावता येतो.

राहिलं तुमचं गणित. क्षच्या सहगुणकांचा गुणाकार ३ × ४ = १२; यच्या सहगुणकांचा (−४) × ३ = −१२. बेरीज शून्य, म्हणून रेषा लंब. चढांनी पाहिलं तर ३/४ आणि −४/३, गुणाकार −१. पण चढांचा नियम क्ष = २ आणि य = ५ या जोडीला लागत नाही, कारण उभ्या रेषेला चढच नसतो. सहगुणकांची रीत तिथेही चालते. मुलीला तीच शिकवा.