पास काढावा की रोजचे तिकीट?

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते आणि आठवड्यातून चार दिवस रेल्वेने ये-जा करते. मासिक पास परवडेल का? खर्च आणखी कसा कमी करता येईल?

उत्तर : पासाच्या किमतीला एका दिवसाच्या जाण्यायेण्याच्या भाड्याने भागून पाहावे. भागाकार 12 आला, तर 13व्या दिवसापासूनचा प्रवास फुकट पडतो. आपण महिन्याला साधारण 17 दिवस जात असल्याने असा पास आपल्या फायद्याचाच आहे. मात्र हा हिशेब महाविद्यालयाचे वेळापत्रक समोर ठेवून करावा, कारण परीक्षा आणि सुट्ट्यांमुळे ज्या महिन्यात आपण आठच दिवस जाणार असाल, त्या महिन्यात तोच पास महागात पडेल. तीन महिन्यांचा पास दरमहा स्वस्त पडत असेल, तर तो सत्राच्या सुरुवातीलाच काढावा. सत्र संपायला पाच आठवडे उरले असताना काढण्यात अर्थ नाही.

विद्यार्थी सवलत असेल, तर ती आधी पदरात पाडून घ्यावी. तिच्यासाठी सहसा महाविद्यालयाचे सही-शिक्क्याचे पत्र लागते आणि कार्यालयात गर्दी असली की ते हाती यायला वेळ लागतो. तोवर घाईने पूर्ण दराचा पास काढण्यात विद्यार्थ्यांचे पैसे नाहक जातात, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून जुना पास संपण्याच्या दहा-बारा दिवस आधीच अर्ज करावा. गर्दीची वेळ टाळल्यास भाडे कमी होते का, याचीही तिकीट खिडकीवर चौकशी करावी. पासासोबत ओळखपत्रही जवळ बाळगावे, अन्यथा तपासणीत दंड भरावा लागू शकतो.