आधी सांग, रक्तात किती पोहोचतं?

तुझी मेल वाचली. सोयाबीनमधलं जेनिस्टीन १ मायक्रोमोलरला (मायक्रोमोलर म्हणजे द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवतं, ५० ला मारतं, म्हणून तू तीच प्लेट पुन्हा पुन्हा लावते आहेस. आणि गाइड म्हणतात, वाढीचा भाग आलेखातून गाळ.

तुझ्या हातात दोष नाही गं. हे फ्लेव्होनॉइड, म्हणजे वनस्पतीतलं एक रसायन, इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करतं आणि एमसीएफ-७ इस्ट्रोजेनवरच वाढते. मग सांग, सोया खाणाऱ्या बाईच्या रक्तात किती पोहोचतं? फार तर थोडे मायक्रोमोलर, तेही बहुतांश ग्लुकुरोनाइड होऊन, म्हणजे शरीराने साखरेसारखा रेणू जोडून बदललेल्या रूपात. म्हणजे गाळायला सांगितलेला भागच खरा कामाचा! एमसीएफ-७ च्या गाठी असलेल्या उंदरांत जेनिस्टीनने टॅमॉक्सिफेनचा, म्हणजे इस्ट्रोजेनला रोखणाऱ्या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाचा, परिणाम पुसून टाकला, हे २००२ साली छापून आलंय. सोयाच्या जेवणाने बायकांना अपाय होतो असं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, हेही त्याच परिच्छेदात लिही.

रक्तात किती पोहोचतं, हा प्रश्न मी प्रत्येक विद्यार्थ्याला विचारला, त्यापायी शोधनिबंध अडवले. माझ्यावर राग धरणारे आहेत. धरोत. असल्या निष्कर्षांच्या बातमीचं कात्रण घेऊन 'टॅमॉक्सिफेन बंद केलं तर चालेल ना?' विचारणाऱ्या बायका त्यांना भेटलेल्या नाहीत, मला भेटल्यात.

फ्लेव्होपिरिडॉल हे कर्करोगावरचं औषध आठव. आपल्याकडच्या झाडाच्या सालीतल्या रोहिटुकीन या रसायनावरून मुंबईत हेक्स्ट या औषध कंपनीच्या लोकांनी घडवलेला रेणू. वासराच्या सीरममध्ये वाढवलेल्या पेशी त्याने पटापट मारल्या. माणसाच्या रक्तात मात्र प्रथिनांनीच त्याला धरून ठेवलं आणि ७२ तासांचं सलाइन जवळजवळ वाया गेलं. पुढे मात्रेचा काही भाग अर्ध्या तासात आणि उरलेला चार तासांत देऊन पाहिला, तेव्हा एका रक्ताच्या कर्करोगात रोगी सुधारले. रेणू तोच होता. स्तनाच्या कर्करोगावर तो औषध म्हणून आजही नाही. आणि आपण ५० मायक्रोमोलरवर 'संभाव्य उपचार' लिहून मोकळे होतो!

आता काम. फिनॉल रेड (हा रंगही थोडा इस्ट्रोजेनसारखा वागतो) नसलेलं मीडियम, संप्रेरकं काढण्यासाठी कोळशाने गाळलेलं सीरम. मात्रा ०.१ पासून १०० मायक्रोमोलरपर्यंत. शेजारी एमडीए-एमबी-२३१, म्हणजे इस्ट्रोजेनवर न वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी, आणि एक संच टॅमॉक्सिफेनच्या सक्रिय रूपासोबत. प्लेटमध्ये पेशी नसलेला एक खळगाही ठेव, कारण जिवंत पेशी मोजायच्या एमटीटी चाचणीचा जांभळा रंग फ्लेव्होनॉइड स्वतःच आणतात. पूर्ण आलेख छाप. गाइड नाही म्हणाले तर मला फोन कर, मी बोलते त्यांच्याशी.