मोठा मेसेज अर्ध्यातच का अडकतो?

प्रश्न: लिनक्सवर ईपोल (epoll, कोणत्या कनेक्शनवर डेटा आलाय ते सांगणारी सोय) वापरून चॅट सर्व्हर लिहिलाय, सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (डेटा नसेल तर रीड अडकून न राहता लगेच परततो), मोड एज-ट्रिगर्ड. छोटे मेसेज नीट येतात, मोठा आला की अर्धाच वाचून सगळं ठप्प. का?

उत्तर: एज-ट्रिगर्डमध्ये नवीन डेटा आला की ईपोल एकदाच सांगतो, तुम्ही बहुतेक 4096 बाइटचा एकच रीड करून परत वेटवर जाताय, मग उरलेलं बफरमध्ये तसंच पडून राहतं आणि समोरून नवीन काही येईपर्यंत कुणी उठवत नाही. ईअगेन (EAGAIN, म्हणजे 'आत्ता वाचायला काही नाही' असा एरर) मिळेपर्यंत लूपमध्ये रीड करा, रीडमधून शून्य आलं तर समोरच्याने कनेक्शन बंद केलंय. खरं सांगू का, चॅटसाठी लेव्हल-ट्रिगर्डच बरा (त्यात बफरमध्ये डेटा उरलाय तोवर ईपोल पुन्हा पुन्हा सांगतो), फक्त पाठवायला काही नसताना ईपोलआउट (EPOLLOUT, 'आता लिहिता येईल' ही सूचना) काढून टाका, नाहीतर लूप उगाच फिरत राहून सीपीयू खातो.