आई शेवटच्या आजारपणात असताना बाळंतपणाला सोलापूरला माहेरी जावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्हाला सातवा महिना आहे आणि तुम्ही पुण्यात राहता. सोलापूरला आईचा कॅन्सर पसरलाय, डॉक्टरांनी आता थोडेच महिने म्हटलंय, आणि त्याच घरात भावाचं बाळ दीड महिन्याचं आहे. सासरचे म्हणतात अशा घरात बाळंतपण नको. बाळाला आईजवळ न्यावं का, आणि ती अंथरुणावर असताना बाप्तिस्म्याचा, बारशाचा आनंद करावा का, हेही तुम्ही विचारलंय.

जा. तुमच्या तब्येतीमुळे डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली नसेल, तर लवकर जा.

आमच्या घरात हे झालेलं आहे. आम्ही सोलापूरचे, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. आई शाळेत शिकवायची. तिला अंडाशयाचा कॅन्सर होता. पोटात पाणी व्हायचं, ते काढून आणायचं, पुन्हा भरायचं. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल झालं, मुंबईला टाटाच्या फेऱ्या झाल्या. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायची आणि सकाळी उतरून थेट ओपीडीच्या रांगेत उभं राहायचं. मग एका टप्प्यावर तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं की आता किमोने त्रासच वाढेल. त्याच वर्षी वहिनीला मुलगी झाली आणि मागोमाग मला मुलगा. दोघांनाही आईने कुशीत घेतलं.

आधी भीतीचं बोलू, कारण सासरच्यांना तेच पटवावं लागेल. कॅन्सर हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा पापा घेतल्याने लागत नाही. बाहेरून मशीनने दिलेला शेक (रेडिएशन) अंगात राहत नाही, त्यामुळे शेक घेऊन आलेल्या आईजवळ गरोदर बाईने बसायला हरकत नसते. पेट स्कॅनचं (PET, कॅन्सर अंगात कुठे पसरलाय ते बघायची तपासणी) वेगळं आहे. त्यात किरणोत्सारी औषध टोचतात. ते काही तासांत उतरतं, पण त्या दिवशी तुम्ही आणि भावाचं बाळ दोघांनी लांबच राहायचं. किमो चालू असेल तर डोस झाल्यावर साधारण दोन दिवस औषध लघवीतून, उलटीतून बाहेर पडत असतं. त्या दिवसांत बेडपॅन, चादरी, उलटीचं भांडं तुम्ही हाताळू नका. जो हाताळेल त्याने हातमोजे घालावेत आणि ते कपडे वेगळे धुवावेत. जवळ बसायला, हात हातात घ्यायला, गळ्यात पडायला मनाई नाही.

खरं तर आईपासून बाळाला जेवढा धोका, त्याहून जास्त धोका बाळाकडून आणि आल्यागेल्यांकडून आईला असतो. किमोने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. सर्दी-खोकला झालेल्या माणसाला, मग तो सख्खा मामा का असेना, दारातूनच परत पाठवा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पोलिओचे आणि रोटाव्हायरसचे थेंब देतात. त्यातले कमजोर केलेले जिवंत विषाणू काही दिवस बाळाच्या शीतून बाहेर पडतात. म्हणून लंगोट बदलायचं काम आजीकडे नको, आणि ज्याने बदलला त्याने साबणाने हात धुऊनच तिच्याजवळ जायचं. लस मात्र चुकवायची नाही. भावाच्या बाळाचे पहिले थेंब आत्ताच असतील, तेव्हा हे वहिनीला आजच कळवा.

घरात अंथरुणावरचं माणूस आणि तान्हं बाळ दोन्ही असलं की धुणं किती पडतं, याचा अंदाज आधी येत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. एक जादा टाकी किंवा दोन मोठे बॅरल आत्ताच घ्यायला भावाला सांगा. क्षुल्लक वाटेल, पण आमच्या घरातली निम्मी भांडणं पाण्यावरून झाली.

आता दुखण्याचं. आईचं दुखणं आटोक्यात नसेल, तर नातवंड कुशीत दिलं तरी तिला सुख नाही. कॅन्सरच्या वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. आपल्याकडे मॉर्फिन म्हटलं की लोकांना वाटतं झालं, संपलं. नाहीतर सवय लागेल म्हणून घाबरतात. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. साध्या गोळ्या साधारण दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायच्या असतात, दुखू लागेपर्यंत थांबायचं नसतं. मॉर्फिनने पोट हमखास बांधतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून जोडीला मागून घ्या. ही गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. 1985च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे फार अडचण होती, 2014च्या दुरुस्तीने नियम सोपे केले, तरी मान्यता असलेल्या रुग्णालयातूनच ती घ्यावी लागते. आईच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना नेमकं विचारा: मॉर्फिन कुठे मिळेल, पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दुखणं-त्रास कमी करायच्या उपचारांचं, कोण बघतं? तुम्ही पुण्यात आहात तोवर वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये आईची फाईल घेऊन जाऊन या. 1997 पासून ते केंद्र चालू आहे, पैसे घेत नाहीत, आणि घरी कसं सांभाळायचं हे घरच्यांना शिकवतात.

जेवणाचा आग्रह करू नका. शेवटच्या काळात शरीरच अन्न मागत नाही. चार चमचे पेज गेली तर गेली. तोंड कोरडं पडतं, ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसत राहा; त्याने तिला जेवणापेक्षा जास्त बरं वाटेल. कूस दर दोन तासांनी बदला.

दुखणं थांबलं की मग तिला काम द्या. तुम्हाला मनापासून सांगायचंय ते हेच. तिला घरातली आजारी बाई करून ठेवू नका, ती आजी झालीय. आईने वहिनीच्या बाळासाठी दुपटी शिवायला काढली होती, तिच्या जुन्या इरकल साड्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. सुई धरवेना तेव्हा काठ उसवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. उशीला टेकून बसायची, पदर मांडीवर ओढून घ्यायची आणि ब्लेडने एकेक टाका कापायची. मध्येच हात थरथरला की थांबायची, पुन्हा सुरू. वहिनी म्हणायची, "मम्मी, पडा की जरा." तर आई म्हणायची, "काठ राहिला तर तुझ्या लेकीच्या मानेला टोचंल." माझ्या वेळी तिला उठताही येत नव्हतं. मी स्वयंपाकघरात हाळिवाची खीर करत होते, ती बाहेरच्या खोलीतून वासावर ओरडली, "गूळ आत्ता घालू नको, दूध नासंल! खाली उतरव आधी!" एक चमचासुद्धा तिला खाता येणार नव्हता. पण त्या खिरीची मालकीण तीच होती.

बायबलमध्ये उत्पत्तीच्या 48व्या अध्यायात याकोब मरणाच्या दारात आहे आणि योसेफ आपल्या दोन मुलांना घेऊन त्याला भेटायला येतो. म्हातारा बळ एकवटून पलंगावर उठून बसतो, नातवांना जवळ घेतो, मुके घेतो. योसेफाला म्हणतो, तुझंच तोंड दिसेल असं वाटलं नव्हतं, आणि देवाने तुझी लेकरंही दाखवली. मग आशीर्वाद देताना तो हात उलटसुलट ठेवतो. योसेफाला ते चुकीचं वाटतं, तो बापाचा हात धरून हलवायला जातो, आणि बाप ऐकत नाही. मला ठाऊक आहे, म्हणतो. डोळे अधू झालेत, अंथरुणाला लागलाय, तरी आशीर्वाद कसा द्यायचा हे तोच ठरवतो. तुमची आई बाळाला कसं घेईल, काय नावाने हाक मारेल, रात्री अडीचला आणून द्या म्हणेल, ते तिच्या मनासारखं होऊ द्या. "आई, तुला झेपणार नाही" हे वाक्य घरात कमीत कमी वेळा उच्चारा. बाळाच्या मानेखाली तुमचा हात राहू द्या, म्हणजे झालं.

बाप्तिस्मा पुढे ढकलू नका. 1970 साली नागपुरात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली तेव्हापासून तिच्यात बालबाप्तिस्माही मान्य आहे, आणि आधी बाळाचं अर्पण करून मोठेपणी बाप्तिस्मा घेण्याची रीतही मान्य आहे. तुमच्या घरची जी रीत असेल ती, पण आई असताना करा. आमच्या भाचीचा बाप्तिस्मा पाळकसाहेबांनी घरी दिला. चर्चच्या वडीलमंडळातले दोघे आले, महिला मंडळाच्या बायका आल्या, आणि आईच्या पलंगाशेजारच्या टेबलावर पाण्याचा वाडगा ठेवला. त्याच वेळी आईला प्रभुभोजनही दिलं. नंतर केक कापला, बिर्याणी झाली, शेजारच्या पद्मशाली काकूंनी कुंचीसाठी कापड आणलं. बाहेर पोरं दंगा करत होती. एक नातेवाईक बाई म्हणाल्या, आतमध्ये एवढं आजारी माणूस आणि हे काय? तर आईनेच आतून सांगितलं, दार उघडं ठेवा, मला ऐकू येऊ द्या.

आनंद करावा का, याचं उत्तर मला तरी तिथेच मिळालं. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिताना आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद आणि रडणाऱ्यांबरोबर रडणं एकाच दमात सांगितलंय. तुमच्या घरात दोन्ही माणसं एकाच भिंतीच्या आत आहेत, बऱ्याचदा तर एकाच माणसात. रडू आलं तर रडा. मेलेल्या लाजराला आता उठवणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. तेव्हा रडणं म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हटलं तर ते मनाला लावून घेऊ नका.

भेटायला येणाऱ्यांबद्दल मात्र कडक राहा. प्रार्थनेला येणारे बहुतेक देवमाणसं असतात, त्यांच्या आधारावरच आम्ही उभे राहिलो. पण कुणीतरी येऊन म्हणतंच की तुमचा विश्वास कमी पडतोय, गोळ्या बंद करा, प्रभू बरं करील. असं आईच्या कानावर पडू देऊ नका. पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही. त्याचा विश्वास काय कमी होता? आणि तोच पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. औषध घेण्यात पाप नाही. तेल लावून प्रार्थना करायची असेल तर नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलवा, आणि गोळीची वेळ झाली की गोळी द्या.

आईला किती माहीत आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये. पप्पा तिच्यापासून लपवत असतील तर त्यांना समजवा. तिला बहुधा कळलेलंच असतं. तिला काही सांगायचं असतं, दागिन्यांचं, बँकेचं, दफनविधीला कोणती गीतं म्हणायची त्याचं, आणि समोरचे सगळे "बरी होशील" म्हणत असले तर तिला बोलायला जागाच राहत नाही. एकदा ती विचारेल. तेव्हा खोटं बोलू नका, एवढंच.

तुमची प्रसूती व्हायच्या आधी ती प्रभूमध्ये निजली, असंही होऊ शकतं. म्हणूनही लवकर जा. पोटावर तिचा हात ठेवू द्या, प्रार्थना करू द्या, बाळासाठी काही बोलायची असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि नंतरचं आत्ताच कुणाशी तरी बोलून ठेवा. बाळंतपण आणि आईचं जाणं एकापाठोपाठ आलं तर अंग आणि मन दोन्ही रिकामं होतं. बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप येत नाही, बाळाकडे बघवत नाही, नको ते विचार येतात, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर दुःखच आहे म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. जीव द्यावा असं मनात आलं तर दोन आठवडेही थांबायचं नाही. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.

या आठवड्यात पाळकांना फोन करा, तिकीट काढा, आणि सोलापुरात ज्या डॉक्टरांकडे प्रसूती करायची त्यांच्याकडे नाव घाला. पुण्याची पूर्ण फाईल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची नोंद बरोबर ठेवा. आठव्या महिन्यात नवीन पेशंट घ्यायला काही डॉक्टर कां-कूं करतात. फाईल हातात असली की करत नाहीत.